न सांगायचा आजार

त्या वर्षी चिखल वाळायलाच तयार नव्हता. पाऊस जाऊन तीन आठवडे झाले होते, ऊन पडत होतं, माणसं छत्र्या माळ्यावर टाकून मोकळी झाली होती. पण गोठ्यांपुढचा चिखल जागचा हलेना. गावातल्या निम्म्या गुरांचे खूर त्यात कुजले. जनावरं तीन पायांवर उभी राहायला शिकली. एक म्हैस दोन पायांवरही उभी राहते असं तिच्या मालकाचं म्हणणं होतं, पण त्याचं म्हणणं कुणी फारसं मनावर घेत नसे.

म्हणजे ढोरवैद्याची सुगीच. निदान असायला हवी होती.

अण्णा ओसरीवर बसून होता आणि त्याचे हात बसायला तयार नव्हते. चाळीस वर्षं गुरं चाचपलेले हात. महिनाभरात कुणी त्यांत कासरा दिला नव्हता, तेव्हा मिळेल ते चाचपत होते. खुर्चीच्या पायाची सांधेदुखी त्यांनी शोधून काढली. दाराच्या चौकटीतली वाळवी सुताराच्या आधी ओळखली. म्हातारी चहा घेऊन आली तसा त्याचा हात नकळत तिच्या कोपरावर गेला आणि दोन बोटांनी सांधा बघू लागला.

"अहो, मी गाय नाही," म्हातारी म्हणाली.

"गायीचा सांधा बरा असतो."

"मग चहाही तिलाच मागा."

अण्णाच्या घराण्यात बापापासून एक रीत होती. जनावर घेऊन येणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. कासरा वैद्याच्या हातात द्यायचा, चार पावलं मागं सरायचं आणि गप्प उभं राहायचं. काय झालं, कधीपासून, काय खाल्लं, एक अक्षर नाही. जनावर बोलत नाही आणि मालक बोलतो ते खोटं, असा बापाचा हिशोब. शेजाऱ्याच्या रानात रात्रभर चरलेल्या गायीबद्दल कोण मालक खरं सांगेल? म्हणून अण्णा कानापासून सुरुवात करी. कानाचं टोक गार की गरम, नाकपुडी ओली की कोरडी, श्वासाला वास कसला, मग बरगड्या, मग डाव्या कुशीवर तळवा ठेवून पोटाचा फेरा मोजणं. मालक मागं श्वास धरून उभा. आणि शेवटी अण्णा म्हणे, "परवा हिनं दोरी गिळली." मालकाचा श्वास सुटे. तो सुटलेला श्वास ऐकण्यासाठी अण्णा चाळीस वर्षं उठत होता.

मग गेल्या वर्षी डेअरीशेजारच्या जुन्या गोदामात जनावरांचा दवाखाना आला आणि दवाखान्याबरोबर डॉक्टरीणबाई आली. वयानं अण्णाच्या सुनेएवढी, उंचीनं सुनेच्या खांद्याएवढी. मोटरसायकलवर बसली की फक्त मोटरसायकल येतेय असं वाटे. तिच्याकडे एक नारिंगी हातमोजा होता, बोटांपासून थेट खांद्यापर्यंत. तो चढवून तिनं पहिल्यांदा म्हशीच्या मागून हात आत घातला तेव्हा बघायला इतकी माणसं जमली, की म्हैस लाजली. त्या दिवसापासून तिचं नाव हातमोजेवाली.

आणि ती विचारायची. कागद पुढ्यात घेऊन चौदा प्रश्न. काय खाते, किती खाते, पाणी कधी प्यायली, शेण कसं आहे.

"तेरा प्रश्न विचारायचे," अण्णा ओसरीवर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "चौदाव्याला मालक स्वतःच आजार सांगतो. मग हिनं काय केलं? लिहून घेतलं."

येणारेजाणारे हसत आणि दवाखान्याकडे जात.

अण्णाच्या हातात आता एकच जनावर उरलं होतं, घरची तांबडी. तीही लंगडत होती. मागच्या उजव्या खुराला तीन आठवडे तो पाल्याचा लेप बांधत होता. तांबडीचं दूध निम्म्यावर आलं. सून डेअरीवर दूध मोजायच्या कामाला होती. रोज सकाळी गावादेखत घरचं दूध तिलाच मापात ओतावं लागे.

"आज काय, वाटीतून आणलंस?" मागचा कुणीतरी म्हणे. "वैद्याची गाय बाई, औषधापुरतंच देते."

सून घरी येऊन भांडी जोरात घासत असे.

एका दुपारी पलीकडच्या वस्तीवरून बोलावणं आलं. महिन्यातलं पहिलं. अण्णानं धुतलेला सदरा घातला, औषध पाजायची बांबूची नळी पिशवीत टाकली आणि ऊन डोक्यावर घेत तासभर चालला. वस्तीवरच्या माणसानं शेळीची दोरी हातात दिली, चार पावलं मागं सरला, गप्प उभा राहिला. सगळं रीतीप्रमाणे. अण्णानं शेळीच्या कानाला हात लावला, इतक्यात त्या माणसाला राहवलं नाही.

"बाई आज तुमच्याच गावात कुठंतरी गेल्यात म्हणे. नाहीतर तुम्हाला कशाला त्रास दिला असता?"

अण्णाचा हात शेळीच्या कानावरच थांबला. शेळीला वाटलं तपासणी संपली. तिनं त्याच्या पिशवीत तोंड घातलं.

"गाभण आहे," अण्णा म्हणाला.

"तेवढंच?"

"शेळीला पुरे आहे."

परतीच्या वाटेवर तो भराभर चालत होता, जणू मागून कुणी हसत येत होतं. काहीतरी हवं होतं त्याला. एक चांगलं, ठसठशीत, नाव घेता येईल असं दुखणं.

आणि घरी येऊन बघतो तर गोठ्यात ते उभं होतं.

तांबडीनं मान खाली टाकली होती. तोंडातून लाळेची तार लोंबत होती. डावी कूस ढोलासारखी वर आली होती. अण्णानं पिशवी खाली ठेवली आणि, सांगायला नको पण खरं आहे, त्याला बरं वाटलं. पोटफुगी. ही तर जुनी ओळखीची. म्हातारी गोठ्याच्या दारात आली. त्याला गायीकडे सरकताना बघून ती चार पावलं मागं सरली आणि पदराचं टोक तोंडाशी धरून उभी राहिली. चाळीस वर्षांची सवय.

त्यानं कुशीवर टिचकी मारली. पोकळ आवाज. कान गार. मागचा खूर चिखलानं थापलेला होता, पण चिखल सगळीकडेच होता. डोळे अर्धे मिटलेले. फुगलेलं जनावर तळमळतं, पाय आपटतं, ही तर उभ्या उभ्या झोपल्यासारखी. बोटं क्षणभर अडखळली. पण महिनाभर उपाशी असलेली बोटं, ती किती अडखळणार?

त्यानं नळीत जवसाचं तेल भरलं, तांबडीचं डोकं काखेत धरून वर उचललं आणि जिभेच्या कडेनं नळी आत सारली. पहिली नळी गेली. दुसरी अर्धी गेली आणि तांबडी खोकली.

तो खोकला अण्णाला ठाऊक होता. बापाच्या हाताखाली असताना एकदाच ऐकला होता. त्यानं डोकं सोडून दिलं. तेल नाकातून परत येत होतं.

"हिला गिळता का येत नाही?" तो गायीलाच म्हणाला.

"सुई दिलीय तिला," मागून म्हातारी म्हणाली. "गुंगीची. बाई आली होती. खूर कापला, आतून पू काढला. गुंगीत पोट फुगतं, आपोआप उतरेल म्हणाली. चार तास तोंडात काही घालू नका म्हणून सांगून गेली, पाणीसुद्धा नाही. खुराला जांभळं औषध लावलंय, तुम्हाला दिसू नये म्हणून मीच वर चिखल थापला."

"मग बोलली का नाहीस?"

म्हातारीनं पदर तोंडावरून काढला. तिला प्रश्नच कळला नाही.

"तुम्ही तपासत होता ना," ती म्हणाली.

सून निरोप ऐकून डेअरीवरून धावत आली तेव्हा तांबडी गुडघ्यांवर बसली होती आणि श्वासाला घुर्र लागली होती. खुरासाठी बाईला सुनेनंच बोलावलं होतं. त्यावर कुणी काही म्हणायच्या आत तिनं फोन लावलासुद्धा. हातमोजेवाली दोन गावं पलीकडे एका अडलेल्या म्हशीपाशी होती.

"फोन तिच्या छातीला लाव," ती म्हणाली. सुनेनं लावला. "काहीतरी ऐकू येतंय. कुणीतरी रडतंय का?"

"त्या सासूबाई."

"त्यांना जरा बाजूला घे. आता लाव. हं. अण्णा आहेत का तिथं? त्यांना दे."

अण्णानं फोन जळत्या लाकडासारखा धरला.

"अण्णा, किती पाजलंत?"

"दीड नळी."

"काय होतं?"

"जवसाचं तेल."

"पाजायच्या आधी खोकत होती?"

"नाही."

"श्वास मोजा आणि सांगा."

तिनं एकामागून एक विचारलं, अण्णानं एकामागून एक सांगितलं. नाकातून काय येतंय, हिरड्यांचा रंग कसा, कूस किती चढलीय. चौदा प्रश्न झाले. शेवटच्या उत्तराला अण्णाच्या लक्षात आलं, की आजार तोच सांगतोय आणि पलीकडे ती नुसती ऐकतेय. पलीकडून एक सुटलेला श्वास ऐकू आला, पण तो काही बरं वाटण्याचा नव्हता.

"फुफ्फुसात गेलंय," ती म्हणाली. "डोकं उताराकडे करून ठेवा. मी निघते."

मग पाच दिवस. तांबडीला एका कुशीवर राहू देऊन चालणार नव्हतं, म्हणून दर दोन तासांनी तिला वळवायचं. अण्णा मानेशी, सून मागच्या पायांशी, म्हातारी मध्ये पेंढ्यांचे भारे सरकवायला. तीन माणसं आणि एवढी थोरली गाय. वळवताना तिघांचीही तोंडं एकमेकांसमोर येत आणि तिघंही गायीकडे बघत. अण्णाची पाठ धरली. सुनेच्या तळव्यांना फोड आले. ती त्याच तळव्यांनी डेअरीवर दूध मोजून येई. आता तिला वाटीवरून कुणी चिडवत नव्हतं, आणि ते जास्त लागत होतं.

हातमोजेवाली रोज सकाळी येई. दुसऱ्या दिवशी ती नळ्या कानाला लावून तांबडीच्या छातीवर जागा शोधत होती, तेव्हा अण्णानं बरगडीवर बोट टेकवलं.

"घुर्र इथपर्यंत आहे."

तिनं तिथं लावून ऐकलं. मान हलवली. तिसऱ्या दिवशी त्याचं बोट दोन बोटं वर गेलं होतं. तिनं तिथं लावलं, पुन्हा मान हलवली. चौथ्या दिवशी तिनं ऐकायच्या आधीच त्याच्या बोटाकडे बघितलं. पाचव्या दिवशी अण्णानं हात खिशात घातला.

"चूक माझी," ती हात धुताना म्हणाली. "मी दारावर लिहून ठेवायला हवं होतं."

"मला वाचता येत नाही."

"मग बोलायला हवं होतं. तुमच्याशी."

"मी बोलू दिलं नसतं," अण्णा म्हणाला.

सहाव्या दिवशी, धार काढायच्या वेळेला, तांबडी गेली. सून सवयीनं बादली घेऊन गोठ्यात आली होती. ती बादली उपडी घालून तिच्यावर बसली.

"मामंजी, मी बोलावलं नसतं तर..."

"खूर बरा झाला होता," अण्णा म्हणाला. "बघितला मी. स्वच्छ केलाय तिनं."

दुपारी डेअरीचा चेअरमन आला. बरोबर दोन माणसं आणि एक टाइप केलेला कागद. चेअरमनच्या गुरांना काहीतरी लागण झाली असं लिहून हातमोजेवालीनं त्याचं दूध दोन महिने टाकीपासून लांब ठेवलं होतं. तेव्हापासून तिची बदली व्हावी ही त्याची कळकळीची इच्छा होती. बाईच्याच भल्यासाठी, असं तो सांगे.

"वाईट झालं, अण्णा," तो खुर्चीत बसत म्हणाला. "सुई सहन झाली नाही बिचारीला."

"सुईनं नाही."

"असू दे, असू दे. उद्या डेअरीच्या अंगणात सगळे जमतायत. तू फक्त उभं राहून म्हणायचं, सुईनं माझी गाय मेली. अंगठा इथं. आठवड्यात बाई गेली बघ. मग गाव पुन्हा तुझंच की."

तो गेल्यावर अण्णा गोठ्यात गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला. रिकामा खुंटा हलवून बघितला. घट्ट होता. गाव पुन्हा तुझंच. एक वाक्य, एक अंगठा. खोटंही पूर्ण नव्हतं. सुई दिली नसती तर तेल नीट पोटात उतरलं असतं, गाय जगली असती. त्यानं ते वाक्य तोंडात घोळवून पाहिलं. वाक्य चांगलं होतं. फक्त ते म्हणताना त्याला दर वेळी तो खोकला ऐकू येत होता.

डेअरीच्या अंगणात दुसऱ्या दिवशी दुधाचे कॅन उलटे घालून माणसं बसली होती. हातमोजेवाली दवाखान्याच्या पायरीवर एकटी उभी होती. चेअरमननं आधी जनावरांवरच्या आपल्या प्रेमाबद्दल बरंच सांगितलं. मग अण्णा उठला.

"गाय माझ्या नळीनं मेली," तो म्हणाला. "बाईनं खूर कापला होता, तो बरोबर कापला होता. गाय गुंगीत होती, मला कळलं नाही. मला कळायला हवं होतं. मी तिच्या फुफ्फुसात तेल ओतलं."

अण्णा वाट बघत उभा राहिला. कुणीतरी शिवी देईल, कुणीतरी हसेल. त्याला दोन्ही चाललं असतं.

मागं एका म्हाताऱ्यानं डोळे पुसले.

"याला म्हणतात माणूस," तो म्हणाला. "पोरीची नोकरी जाऊ नये म्हणून दोष अंगावर घेतोय."

"अरे, मी खरं सांगतोय."

"हो, अण्णा, हो," शेजारचा म्हणाला आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "कळतंय आम्हाला."

"काय कळतंय? दीड नळी! नाकातून तेल आलं!"

"बस आता, त्रास करून घेऊ नको."

चेअरमन कागदाची घडी घालत बघत राहिला. बाईची बदली टळली होती, आणि अण्णाचा गुन्हाही कुणी खरा मानला नव्हता. दवाखान्याच्या पायरीवर हातमोजेवाली तोंड उघडून मिटत होती. घरी येताना सून म्हणाली, "मामंजी, आपल्याला खरंसुद्धा धड सांगता येत नाही."

दुसऱ्या सकाळी म्हातारीनं दार उघडलं आणि परत लावलं.

"बाहेर गुरं आहेत," ती म्हणाली.

"किती?"

"कोपऱ्यापर्यंत."

अण्णा बाहेर आला. गायी, म्हशी, शेळ्या, एक गाढव. महिनाभर न फिरकलेली माणसं, वस्तीवरचा शेळीवालासुद्धा. सगळ्यात पुढं वीटभट्टीवाला आणि त्याची खंगलेली काळी गाय. त्यानं कासरा अदबीनं अण्णाच्या हातात दिला आणि चार पावलं मागं सरला.

अण्णानं गायीच्या कानाकडे हात नेला आणि मध्येच थांबवला.

"हिला सुई दिलीय का? काल, परवा, कधी?"

वीटभट्टीवाला समोर बघत उभा राहिला.

"अरे, तुला विचारतोय. औषध काय चालू आहे?"

वीटभट्टीवाल्यानं मायेनं हसून ओठ मिटले. रीत त्यालाही ठाऊक होती. अण्णा मागच्याकडे गेला. "तुझ्या म्हशीला?" मागचा गप्प. "तुझ्या?" गप्प. "शेळीवाल्या, तू तर त्या दिवशी बोलला होतास!" शेळीवाल्यानं शरमेनं मान खाली घातली, ती चूक तो पुन्हा करणार नव्हता. पंधरावीस माणसं, एवढी गुरं, आणि आवाज फक्त गाढवाचा.

अण्णा त्या शांततेत उभा राहिला. चाळीस वर्षं त्यानंच ती पोसली होती आणि आता ती म्हशीएवढी होऊन वाट अडवून बसली होती. मग त्यानं काळ्या गायीचा कासरा हाताला गुंडाळला आणि चालायला लागला. वीटभट्टीवाला काही न विचारता मागून निघाला. त्याच्या मागून पुढचा. उपचाराचाच भाग असणार असं समजून अख्खी रांग चिखल तुडवत, लंगडत, गावातून निघाली आणि दवाखान्याच्या दारात येऊन उभी राहिली.

हातमोजेवाली बाहेर आली.

"एवढी सगळी? काय झालंय यांना?"

"मला माहीत नाही," अण्णा म्हणाला. हे वाक्य तो आयुष्यात पहिल्यांदाच म्हणत होता, म्हणून थोडं मोठ्यानं म्हटलं गेलं. "यांना विचारा."

तिनं कागद घेतला आणि वीटभट्टीवाल्याकडे बघितलं. वीटभट्टीवाल्यानं अण्णाकडे बघितलं.

"सांगू?"

"सांग."

"सगळं?"

"सगळं सांग रे बाबा."

"मग बघा," वीटभट्टीवाला म्हणाला आणि मोठा श्वास घेतला. "गेल्या हिवाळ्यात ही खोकत होती. सकाळी बाईंची सुई झाली. बाई म्हणाल्या, छाती. संध्याकाळी अण्णांकडे नेली. अण्णा म्हणाले, पोट. नळी झाली. म्हटलं दोघांचंही राहू दे. पंधरा दिवस सकाळी सुई, संध्याकाळी नळी. तुम्हाला बोललो नाही, बाई, तुम्ही रागावला असता. आणि अण्णांना तर बोलायचंच नसतं."

हातमोजेवालीचं पेन थांबलं. तिनं अण्णाकडे बघितलं.

"तेव्हा गुंगीचं काही?"

"नशीब, नाही," वीटभट्टीवाला म्हणाला. "गुंगीची सुई त्याच्या म्हशीला होती," त्यानं मागं बोट दाखवलं.

"दोनदा," मागचा म्हणाला. सांगायचं असतं हे आता त्यालाही कळलं होतं. "एकदा तर सुई उतरायच्या आत नेली होती अण्णांकडे. खोकली नाही, गुणाची आहे."

"आमचीही अशीच..." तिसरा म्हणाला.

अण्णा ऐकत होता. यातली किती जनावरं निव्वळ नशिबानं पायांवर उभी आहेत ते तो बोटांवर मोजू लागला. एका हाताची बोटं संपली, दुसऱ्या हातात कासरा होता. मागून शेळीवाला काही ओरडत होता, गाढववाला त्याच्या वर ओरडत होता, प्रत्येकाला आपली वर्षभराची गोष्ट पहिल्यापासून सांगायची होती. हातमोजेवालीनं आतून आणखी कागद आणायला शेजारी डेअरीवर असलेल्या सुनेला हाक मारली.

अण्णा पायरीवर चढला.

"एकेकानं!" तो सगळ्या आवाजांच्या वर ओरडला. "एकेकानं बोला! आणि मोठ्यानं!"